कचऱ्यातला ताल

लातूरच्या गंजगोलाईत उभं राहून सिंफनीवाल्या अमरनाथचं घर विचाराल, तर लोक तुम्हालाच वेड्यात काढतील. कॅसेटवाला अमरनाथ म्हणा, मग पानवाल्यापासून कापडवाल्यापर्यंत कुणीही हात वर करून गल्ली दाखवेल. अमरनाथ बिराजदारचं बसवेश्वर रेकॉर्डिंग सेंटर वीस वर्षं त्या गोलाईत होतं. चाकूरपासून निलंग्यापर्यंत ज्या गावात शिवभजनाचं मंडळ, त्या गावचा आवाज त्यानं टेपवर घेतलेला. पुढे कॅसेटी मेल्या, दुकानात मोबाइलची कव्हरं लटकली आणि हा गडी घराच्या माडीवर कॉम्प्युटर मांडून बसला. जुन्या टेपा आणि तबकड्यांतली खरखर काढायची, एवढी एकच विद्या त्याच्याजवळ होती. पण ती अशी पक्की होती की पुण्याच्या एका स्टुडिओनं त्याला काम द्यायला सुरुवात केली, आणि पुण्याच्या वाटेनं काम जर्मनीहून येऊ लागलं.

जर्मनीत लाइपझिग नावाच्या शहरात चार माणसांची एक छोटी कंपनी आहे. सत्तर-सत्तर वर्षांपूर्वी मोठमोठ्या वाद्यवृंदांनी वाजवलेल्या सिंफन्या ती नव्यानं काढते. सिंफनी म्हणजे ऐंशी-नव्वद माणसं एकत्र बसून तास-पाऊण तास वाजवतात ते चार भागांचं संगीत. जुन्या तबकडीवरचा आवाज कॉम्प्युटरात घ्यायचा, त्यातले चरे आणि टिकटिक काढायची, धुऊनपुसून नवी तबकडी छापायची. त्यातलं धुणंपुसणं लातुरात व्हायचं. अमरनाथनं असला वाद्यवृंद उभ्या जन्मात डोळ्यांनी पाहिला नव्हता. व्हायोलिन पाहिलं होतं, तेही मांडी घालून बसलेल्या माणसाच्या छातीला टेकलेलं. पण कानाला काही पासपोर्ट लागत नाही.

तबकडीवरच्या टिकटिकीला तो खडे म्हणायचा. लातूर हे डाळीचं गाव, इथं दुसरा शब्द सुचायचाही कुणाला? मिलमध्ये आता कॅमेऱ्याचं यंत्र पोतंभर डाळ घटकेत निवडतं. तसं सॉफ्टवेअरमध्येही एक बटण असतं, दाबलं की सगळे खडे आपोआप जातात. अमरनाथ त्या बटणाला हात लावत नसे. "यंत्राला खडा कळतो, डाळ कळत न्हाई," असं म्हणून तो एकेक टिक हातानं वेचायचा. वेचलेलं सगळं 'कचरा' नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवायचा आणि काम पाठवण्याआधी तो कचरा एकदा सबंध ऐकायचा. बायका सुपातलं निवडण अंगणात टाकण्याआधी बोटानं परततात ना, चुकून दाणा तर जात नाही बघायला, तसंच ते होतं.

पहिल्या सहा रेकॉर्डी पुण्याच्या स्टुडिओमार्फत झाल्या, त्यांवर नाव स्टुडिओचं छापून आलं. सातवी थेट त्याच्याकडे आली. कंपनीच्या हाइकेबाईंनी कव्हरच्या मागच्या बाजूचा नमुना पाठवला. तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत होतं, अमरनाथ बिराजदार, लातूर. शेकडो कॅसेटींवर त्यानं बुवांचं नाव छापलं होतं, मंडळाचं छापलं होतं, देणगीदाराचं तर फोटोसकट छापलं होतं. आवाज घेणाऱ्याचं नाव छापायची रीतच नव्हती. त्यानं तो नमुना बायकोला दाखवला. सिद्धम्मानं चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "लातूर एवढं बारीक का लिहिलंय?" तो दिवसभर खूश होता.

ही सातवी रेकॉर्डच सगळ्यांत अवघड होती. ज्या संगीतकाराची ती सिंफनी, त्याच्या नावाचा उच्चार अमरनाथला शेवटपर्यंत जमला नाही. रेकॉर्डिंग झालं आणि दोन वर्षांत त्या वाद्यवृंदाच्या हॉलला आग लागली. मूळ टेप जळाली, सुरांच्या लिहिलेल्या वह्याही जळाल्या. जगात उरल्या त्या नमुन्यादाखल छापलेल्या एक-दोन तबकड्या, आणि कंपनीच्या हाती लागलेली तर अशी झिजलेली की विचारू नका. गुरुवारी दुपारी पहिले तीन भाग हातानं निवडून झाले. चौथा उरला, आणि तेवढ्यात निलंग्याहून फोन आला. सिद्धम्माचे वडील अण्णाराव गेले, लिंगैक्य झाले होते.

काम त्याच दिवशी पाठवायचं होतं, कारण सोमवारी तिकडे नव्या रेकॉर्डची मूळ तबकडी, जिच्यावरून बाकीच्या छापतात ती, कोरायची होती. सिद्धम्मा खाली दारात पिशवी घेऊन उभी, रिक्षा गल्लीत उभी. अमरनाथनं आयुष्यात पहिल्यांदा ते बटण दाबलं. चौथा भाग दोन मिनिटांत चकचकीत झाला. कचरा ऐकायला वेळ कुठला, त्यानं ती फाइल फोनवर घेतली, काम पाठवून दिलं आणि जिना उतरला. शुक्रवारी माती झाली. शनिवारी हाइकेबाईंचा निरोप आला, काम छान झालंय, सोमवारी सकाळी नऊला कोरायला घेतोय. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा.

सोमवारी सकाळी साडेसातला निलंग्याहून लातूरची एसटी निघाली. तिसरा दिवस उरकला होता, लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, कामं खोळंबली होती. श्रावणी सोमवार म्हणून गाडीत गर्दी होती. सिद्धम्मा खिडकीला डोकं टेकवून बसलेली. चार दिवसांत ती धड झोपली नव्हती. अमरनाथनं कानात फोनच्या वायरी घातल्या आणि सवयीनं कचरा लावला.

पहिल्या तीन भागांचा कचरा हा निखळ कचरा होता, मोहरी तडतडावी तसा. चौथ्याचाही सुरुवातीला तसाच. मग सातव्या मिनिटाला त्याचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं. बोट आधी हललं, अक्कल मागून आली. टिक. टिक-टिक. टिक. टिक-टिक. त्यानं फाइल मागे नेली आणि पुन्हा ऐकली. कचरा ताल धरून चालला होता.

आता चराही ठरावीक वेळानं येतो, हे अमरनाथला काय कुणी सांगायला हवं होतं? तबकडीवर आडवा ओरखडा असला की प्रत्येक फेऱ्याला सुई त्यावरून जाते, आणि दर पावणेदोन सेकंदांनी टिक वाजते, घाण्याच्या बैलासारखी. पण चऱ्याचं अंतर कधी बदलत नाही. इथं टिकटिक आधी सावकाश होती, मग जवळ जवळ आली, मग धावायला लागली. दोन मिनिटं धावली आणि एकदम थांबली.  त्यानं चरे काढले नव्हते. कुणीतरी वाजवलेलं काहीतरी काढलं होतं.

त्यानं घड्याळ पाहिलं. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि साडेबाराला ती चूक तबकडीवर कायमची कोरली जाणार होती. त्यानं हाइकेबाईंना निरोप लिहायला घेतला. थांबवा, एवढंच लिहिलं आणि खोडलं. कशासाठी थांबवा? हे वाद्य कोणतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. ढोल नाही, टाळ नाही, चिपळ्या तर नाहीतच. फोनवर शोधून पाहिलं तर व्हायोलिन दुरुस्तीच्या जाहिराती आल्या, आणि पुढच्या वळणावर रेंजच गेली. दुसऱ्या कुणी ही सिंफनी वाजवलेली नव्हती की ताडून बघावं. उगाच बोंब मारली आणि ते चरेच निघाले, तर त्या बाई म्हणणार, या माणसाला आपलंच काम कळत नाही. बोंब मारली आणि ते संगीत निघालं, तर म्हणणार, या माणसानं संगीत कचऱ्यात टाकलं. दोन्हीकडून नाव जाणार आणि कंपनीनं देऊ केलेल्या पुढच्या पाच सिंफन्या पुन्हा पुण्याला जाणार.

आणि मग त्याच्या मनात आलं की गप्प बसलं तर? कुणाला कळणार आहे? वह्या जळाल्या, टेप जळाली, बाईंनी काम पसंत केलं. गप्प बसायचा हा विचार औसा येईपर्यंत अमरनाथच्या मनात होता आणि त्याला तो बराच बरा वाटत होता.

"काय झालंय?" सिद्धम्मानं डोळे न उघडताच विचारलं.

"काय न्हाई."

"अप्पा माझे गेले आन् तोंड तुमचं उतरलंय. सांगा की."

त्यानं सांगितलं. बटणाचं सांगताना त्याचा आवाज खाली गेला. सिद्धम्मानं सगळं ऐकून घेतलं. वडील गेल्याची घाई होती म्हणून झालं, असं तो म्हणाला असता तर ती चिडली असती. पण तो तसं म्हणाला नाही.

"मग घरी कशाला जायचं आधी?" ती म्हणाली. "महादेवप्पा सर हायती की वाटंवरच. त्येंचं उभं आयुष्य व्हायलिनवर गेलंय. त्येंला इचारा."

महादेवप्पा सर शाळेत संगीत शिकवायचे, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, आणि अमरनाथच्या कित्येक कॅसेटींत त्यांचंच व्हायोलिन आहे. लातूरच्या औसा रोडला दोघं उतरले, तेव्हा सव्वानऊ झाले होते. सरांची सून म्हणाली, पूजेला बसलेत. श्रावणातला सोमवार, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन डोळे मिटून बसलेल्या माणसाला कोण हाक मारणार? बाहेरच्या खोलीत दोघं बसून राहिले. सुनेनं चहा आणला, अमरनाथचा कपातच निवला. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. आतून विभूतीचा आणि उदबत्तीचा वास येत होता आणि अमरनाथ भिंतीवरच्या काट्याकडे असा बघत होता की जणू नजरेनं तो मागे ढकलता आला असता. दहाला पाच कमी असताना सर बाहेर आले.

"शरणार्थ, सर."

"शरणार्थ. सिद्धम्मा, कळलं गं अण्णारावांचं. लई चांगला माणूस." मग त्यांनी अमरनाथकडे पाहिलं. "तू असा काहून दिसायलास?"

अमरनाथनं फोन त्यांच्या कानाला लावला. सरांनी सबंध दोन मिनिटं ऐकलं, पुन्हा लावायला लावलं, पुन्हा ऐकलं.

"सर, व्हायोलिनमधून असा आवाज निघतो का?"

"निघंल. गज उलटा करून त्याच्या काठीनं तारंवर मारलं तर निघंल."

"मारून दाखवता का?"

सरांचा चेहरा बदलला. "खंडेनवमीला ज्याची पूजा करतो त्येला काठीनं मारू? अमरनाथा, तुझं डोकं ठिकाण्यावर हाय का?"

अमरनाथ हात जोडून उभा राहिला. जे खरं होतं तेच बोलला. "सर, माझ्याकडून चूक झालीया. पण चूक हाय का न्हाई, हेच मला कळंना. साडेबाराला ते कायमचं कोरणार हायती. तुमी एकदा मारलं तर मला कळंल. न्हाई कळलं तर मी गप बसंन, आन् मला गप बसायची लई इच्छा व्हायलीय."

सर आत गेले. व्हायोलिनची पेटी घेऊन आले. व्हायोलिन आधी कपाळाला टेकवलं, मग छातीला लावलं आणि गज उलटा केला. पहिला ठोका इतका हलका मारला की ऐकूच आला नाही. दुसरा जरा जोरात मारला. टिक. कोरडा, लाकडी, आणि मागे तारेचा किंचितसा सूर. सिद्धम्मानंही मान वर केली. हाच आवाज होता, शंकाच नव्हती.

"पर त्यात एकटा माणूस न्हाई," सर गज कापडानं पुसत म्हणाले. "तीस-चाळीस जण एका वक्ताला मारायलेत. म्हणून ठोका फुटका वाटतो." मग मान वर करून म्हणाले, "आन् तू ते काढून टाकलास?"

"मला खराबी वाटली, सर."

"चाळीस माणसांनी मन लावून केलेलं काम तुला खराबी वाटली."

ते रागावून बोलले असते तर सोसलं असतं. ते नुसतं बोलले, आणि अमरनाथला इतकी लाज वाटली की पायांत चपला घालताना त्याला उजवी-डावी कळली नाही.

रिक्षात बसल्या बसल्या त्यानं लाइपझिगला फोन लावला. तिकडे सकाळचे पावणेसात. दोनदा वाजून वाजून बंद झाला. सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या गर्दीत रिक्षा अडकली, आणि तिथं तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. अमरनाथचं इंग्रजी मोडकं, पण त्या दिवशी ते कामाला आलं, कारण मोडक्या भाषेत सारवासारव करता येत नाही.

"मॅडम, मी चौथ्या भागात चूक केली. मी संगीत काढून टाकलं."

हाइकेबाई झोपेतून उठल्या होत्या. कोणतं संगीत, त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या जागी तर तबकडी खरवडलेली आहे, आम्ही सगळे कायम तसंच समजत आलो.

"नाही मॅडम. चरा गोल फिरतो. हे पुढे चालतं."

 मग बाईंचा आवाज आला तो पार कोरडा झालेला. कोरण्याची वेळ आज चुकली तर पुढची फेब्रुवारीत आहे, त्या म्हणाल्या. नऊला पहिली बाजू घेतील. चौथा भाग दुसऱ्या बाजूला आहे, तो दहाला. दहापर्यंत बरोबर फाइल आली तर ती कोरू, नाही आली तर माझ्याजवळ आहे ती. बाकीचं नंतर बोलू. फोन बंद झाला. दहा म्हणजे आपले दीड.

माडीवर पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. काम दोन मिनिटांच्या तुकड्याचं होतं, पण त्या तुकड्यातून बटणानं एकूण तीनशे चाळीस टिका उचलल्या होत्या. सगळ्या परत टाकाव्या तर संगीताबरोबर चरेही परत येतात. एकेक ऐकून ठरवायचं, हा ठोका आहे की ओरखडा. फेऱ्यागणिक येणारे चरे त्यानं आधी बाजूला काढले, ते सोपं होतं. मग सुट्यांवर बसला. शंभरेक निवडून झाल्यावर त्याचा कानच फितूर झाला. प्रत्येक टिकेत त्याला लाकूड ऐकू यायला लागलं. मघाशी ओरखडा म्हणून टाकलेली पुन्हा ऐकली तर ठोका वाटायची, ठोका म्हणून ठेवलेली ऐकली तर ओरखडा. तीस वर्षं ज्या कानावर भाकर खाल्ली, त्यावर त्याचा भरवसा राहिला नाही. तो खरोखर घाबरला.

"सिद्धम्मा," त्यानं जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली. "वर ये."

ती पदरानं हात पुसत आली. त्यानं एक वायर तिच्या कानात दिली, एक आपल्या. काय करायचं ते सांगितलं. ती म्हणाली, मला त्यातलं काय कळतंय. पण टिका वाजायला लागल्या तशी तिची हातावर हात मारायची सवय आपोआप जागी झाली. लहानपणापासून वडिलांच्या भजनात बसलेली ती. तिनं संगीताकडे लक्षच दिलं नाही, नुसता ताल धरला आणि सांगत गेली.

"ही हाय. ही हाय. ही न्हाई. ही हाय."

तो ठेवत गेला, काढत गेला. बारा वाजले. साडेबारा वाजले, तिकडे पहिली बाजू सुरू झाली असणार. मधेच लाइट गेली, इन्व्हर्टरनं शिट्टी मारली, दोघांनी मान वर केली नाही. एक वाजता दीडशे टिका उरल्या होत्या, सव्वाला बारा. सगळ्यांत शेवटच्या जागी, जिथं ते चाळीस जण एकदम थांबतात, तिथं एक टिक उरली. ती इतरांनंतर वाजत होती. सगळे थांबले, आणि मग ही, बारीक, एकटी.

"ही ओरखडा," अमरनाथ म्हणाला आणि काढायला बोट उचललं.

"न्हाई," सिद्धम्मा म्हणाली. "ठेवा ती."

"अगं तालाच्या बाहेर हाय ती. सगळे थांबल्यावर वाजायलीय."

"म्हणून तर म्हणते." तिनं कानातली वायर काढली. "अप्पांच्या भजनात केरबा टाळ वाजवायचे, ठावं हाय ना तुमाला? एका कानानं कमी ऐकू यायचं त्येंना. सगळे थांबले की येक टाळ मागून वाजायचा. तीस वर्षं वाजला. अप्पांनी त्येंना कधी उठ म्हणलं न्हाई." तिनं वायर बोटाला गुंडाळली. "त्या दिवशी मातीला नेताना मी मागं होते, पुढं कोण कोण हाय दिसत नव्हतं. भजन थांबलं आन् सगळ्यांच्या नंतर तो येक टाळ वाजला. तवा मला कळलं, आपलेच लोक हायती. अप्पांच्या सोबतीला सगळे आलेत." आणि चार दिवसांत न रडलेली सिद्धम्मा माडीवर, कॉम्प्युटरच्या पुढ्यात, तोंडाला पदर लावून रडली.

अमरनाथचंही मन भरून आलं, पण घड्याळात एक एकवीस झाले होते. त्यानं ती टिक ठेवली. तिच्यासाठी ठेवली की पटलं म्हणून, हे त्याचं त्यालाही त्या घडीला सांगता आलं नसतं. फाइल बांधली, पाठवायला लावली. पडद्यावरची पट्टी निम्म्यावर येऊन थांबली, इंटरनेटचा दिवा लाल झाला. त्यानं फोनचं कनेक्शन जोडून पुन्हा पहिल्यापासून लावलं. एक अठ्ठावीसला फाइल गेली.

तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. सिद्धम्मा तिथंच भिंतीशी, हाताची उशी करून आडवी झाली आणि बघता बघता झोपली. दीड वाजला. एक पस्तीस झाले. एक चाळीसला फोन वाजला.

"आम्ही ऐकलं," हाइकेबाई म्हणाल्या. त्यांच्या मागे एका पुरुषाचा आवाज येत होता. "सगळे ठोके आहेत. आम्ही इतकी वर्षं त्या जागी सुई उचलायचो." मग त्या म्हणाल्या, "पुढच्या रेकॉर्डींचं मी आज तुम्हाला काही सांगू शकत नाही, अमरनाथ. ते मला इथल्या लोकांशी बोलावं लागेल."

"हो, मॅडम."

"आणखी एक. शेवटी सगळे थांबल्यावर एक टिक येते. कोरणारा म्हणतोय, हा चरा राहून गेलाय, तो इथंच काढून टाकतो. वहीत बघावं तर वही नाही. तुम्ही सांगा. पण नीट विचार करून सांगा, ती राहिली आणि चरा निघाला तर खाली नाव तुमचं आहे."

अमरनाथनं भिंतीशी झोपलेल्या बायकोकडे पाहिलं. फोनचा आवाज तिच्यापर्यंत पोचला नव्हता. इतका वेळ त्याच्या कानाला काही म्हणजे काही खात्रीनं ऐकू येत नव्हतं. आता ती टिक त्याला फोनशिवाय, वायरीशिवाय, स्वच्छ ऐकू आली.

"काढू नका, मॅडम," तो म्हणाला. "तो चरा नाही. तो माणूस आहे. थोडा मागं राहिलाय, राहू द्या."

 हाइकेबाईंनी कोरणाऱ्याला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं, आणि तिकडे यंत्र सुरू झाल्याची घरघर फोनवर ऐकू आली.